माग आणि हद्द

परवाच्या मंगळवारी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र मोटरसायकलवरच्या दोघांनी ओढून नेलं. जागा कुठली, तर ओढ्यावरचा पूल. हा ओढा म्हणजे दोन पोलीस ठाण्यांची हद्द. पहिल्या ठाण्यात सांगितलं, घटना पुलाच्या पलीकडची आहे, तिकडे जा. दुसऱ्या ठाण्यात विचारलं, हिसका कुठे बसला आणि पडलात कुठे? हिसका पलीकडे बसला होता, काकू फरफटत पडल्या अलीकडे. झालं, मग परत पहिल्या ठाण्यात. रात्री साडेअकराला त्या घरी आल्या तेव्हा गुडघा फुटलेला, मानेवर लाल वळ आणि हातात तक्रार अर्जाची पोचसुद्धा नाही. मी सोबत होतो. पत्रकार म्हणून मला चहा मिळाला, एवढाच फरक.

गुन्हा तिसऱ्या दिवशी दाखल झाला, तोही एका पुढाऱ्याचा फोन गेल्यावर. त्याच आठवड्यात कॉलनीत चार घरं फुटली आणि त्याच आठवड्यात स्टँडसमोर सकाळ-संध्याकाळ हेल्मेटच्या पावत्या फाडणं जोरात चालू होतं. तुम्ही सगळे ग्रुपवर जे चिडून लिहिताय, ते मी वाचतोय. चीड खरी आहे. पण शनिवारपासून पोरांनी काठ्या घेऊन गस्त सुरू केली आणि रविवारी रात्री एक प्रकार होता होता राहिला. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी थोडं मागे जाऊ, कारण हा 'हद्दीचा' खेळ आजचा नाही आणि तो पूर्वी अगदी उलट्या पद्धतीने खेळला जायचा.

१८१८ला पेशवाई बुडाली. नव्याने जिंकलेला मुलूख चालवायचा कसा, हे समजून घ्यायला एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये एक मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणदारीची पद्धत नोंदवलेली आहे. गावात रात्रीची राखण करणारा माणूस ठरलेला असायचा. देशावर बहुतेक ठिकाणी महार, पुणे-सातारा भागात बऱ्याच गावांत रामोशी, खानदेशात भिल्ल, डोंगराकडेला कोळी. वेशीवर कोण आला, कोण गेला, परका माणूस कुणाकडे उतरला, गावातला कोण कसल्या वळणाचा आहे, हे सगळं त्याला माहीत असणं हेच त्याचं काम. त्याच्यावर देखरेख पाटलाची.

आता चोरी झाली तर काय? राखणदाराने चोराचा माग काढायचा. माग म्हणजे पावलांच्या खुणा. ओल्या मातीत, धुळीत, मोडलेल्या गवतात बघत बघत जायचं. माग शिवेपर्यंत गेला आणि पुढच्या गावात शिरला, की त्या गावच्या राखणदाराला बोलवायचं, खुणा दाखवायच्या आणि माग त्याच्या ताब्यात द्यायचा. मग तो त्याच्या शिवेपर्यंत नेणार. असं करत करत ज्या गावात माग थांबला, ज्याला तो पुढे नेऊन दाखवता आला नाही, त्या गावाने चोर तरी द्यायचा किंवा चोरीचा माल भरून तरी द्यायचा. आधी राखणदाराने ऐपतीप्रमाणे, उरलेलं सगळ्या गावाने वर्गणी काढून.

यातली गंमत बघा. त्या वेळीही प्रत्येकाला प्रकरण आपल्या हद्दीबाहेर ढकलायचंच होतं. माणूस तोच. पण ढकलायला आधी माग काढून दाखवावा लागायचा. 'आमच्याकडे येत नाही' एवढं तोंडाने म्हणून भागत नव्हतं, पाऊलखूण शिवेच्या पलीकडे गेलेली डोळ्यांनी दाखवावी लागायची. म्हणजे हद्दीचा वाद घालायचा तर तपास करूनच. आज तपास करायचा नाही म्हणून हद्दीचा वाद घालतात.

पण थांबा, लगेच 'जुनं ते सोनं' लिहायला घेऊ नका. एल्फिन्स्टननेच पुढे लिहिलंय की सगळ्या गावाकडून भरपाई घेणं हा अन्याय होता, कारण गावाला कधी चोरी थांबवणं शक्य नसायचं, कधी पैसे भरणं. पुरती भरपाई क्वचितच वसूल व्हायची. दंड मात्र व्हायचा आणि अधिकाऱ्याला कमाईची ती एक सोय होती. आणि दुसरं, जे आपण बोलायचं टाळतो. ही राखणदारी कुणी राजीखुशीने पत्करलेली नोकरी नव्हती. ती जातीने बांधून दिलेली होती. थंडीवाऱ्यात वेशीवर रात्र काढणाऱ्याला मोबदल्यात बलुतं आणि थोडी वतनजमीन. चोर सापडला नाही तर पहिला संशय त्याच्यावर, पहिला मार त्याला. ज्याला गावात घर बांधायला जागा नाही, त्याने गाव राखायचं. आपली सुरक्षा त्या काळी त्या माणसाच्या पाठीवर उभी होती.

शहरांचं वेगळं होतं. तिथे कोतवाल. पुण्याचा घाशीराम कोतवाल आपल्याला तेंडुलकरांच्या नाटकामुळे माहीत आहे, पण कागदोपत्रीचा घाशीरामही तेवढाच वाचण्यासारखा आहे. १७७७ मध्ये नाना फडणवीसांच्या कारकिर्दीत त्याला कोतवाली मिळाली आणि तो चौदा वर्षं टिकला. बाजारावर नजर, वजनमापं, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, रात्रीची गस्त, सगळं कोतवालाकडे. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायचं नाही. फिरलात तर चावडीवर. पुण्यात तेव्हा चोऱ्या कमी होत्या असं सांगणारे समकालीनही आहेत, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. पण कोतवाली हे सरकारचं उत्पन्नाचंही खातं होतं. दंडाचे पैसे जमा व्हायचे. ज्या खात्याकडून बंदोबस्तही पाहिजे आणि उत्पन्नही पाहिजे, तिथे हळूहळू कुठलं काम वरचढ होतं, हे मी सांगायची गरज नाही. स्टँडसमोर उभं राहून बघा.

१७९१च्या ऑगस्टमध्ये श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना घाशीरामच्या माणसांनी चोरीच्या संशयावरून पकडलं आणि एका कोंदट जागेत कोंडलं. वीसहून जास्त माणसं गुदमरून मेली. मानाजी फाकड्यांनी कुलूप फोडलं तेव्हा प्रेतं बाहेर आली. हजारभर लोक नानांच्या वाड्यासमोर जमले. नानांनी आधी चालढकल केली, मग कोतवालाला जमावाच्या हवाली केलं. त्याची धिंड निघाली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. नाटकात आणि इतिहासात एक गोष्ट सारखी आहे: कोतवाल गेला, नवा कोतवाल आला आणि ज्यांनी त्याला चौदा वर्षं ठेवला ते नाना जागच्या जागी राहिले. दंड आणि तोफ दोन्ही चालूच.

इंग्रज आल्यावर गावची राखण मोडत गेली. एकदम नाही. आधी राखणदारांच्या हक्कांवर गदा आली. पुरंदरच्या रामोशांची किल्ल्याची राखण आणि त्यावरचे हक्क गेले, आणि त्यातूनच राजे उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. मधल्या काळात कंपनीने त्यांनाच माफी देऊन बंदोबस्ताच्या कामाला लावलं, कारण त्यांच्याशिवाय रस्ते सुरक्षित होईनात. पुढे पुन्हा बिनसलं, त्यांना पकडलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ला पुण्यात फाशी दिली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेतला अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश, त्याने वर्षभरात रामोशांवर एक पुस्तकच छापलं. माणूस फासावर चढवल्यावर त्याच्या जातीचा अभ्यास!

मग आलं आजचं पोलीस खातं. त्याचा नमुना कुठला, हे समजलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. १८४३ला सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथे जे पोलीस दल उभारलं, ते आयर्लंडच्या कॉन्स्टॅब्युलरीसारखं होतं. लंडनचा बिनबंदुकीचा, गल्लीत पायी फिरणारा शिपाई वेगळा. आयर्लंडचं दल हे लोकांना दाबात ठेवण्यासाठी, बराकीत राहणारं, वरून हुकूम घेणारं. १८५३ मध्ये मुंबई इलाख्याने सिंधचा कित्ता गिरवला. प्रत्येक जिल्ह्याला एक पोलीस सुपरिंटेंडेंट आला. पुढे १८६७ला इलाख्यात दोन कायदे एकापाठोपाठ झाले, एक जिल्हा पोलिसांचा आणि एक ग्राम पोलिसांचा. दुसऱ्यात पोलीस पाटील आला. म्हणजे खजिना, कैदी, मोर्चे, दंगली, साहेबाचा दौरा यासाठी पगारी, गणवेशातलं दल. आणि तुमच्या-माझ्या घरातली चोरी? ती पाटलाच्या आणि जागल्याच्या गळ्यात.

स्वातंत्र्यानंतर वतनं गेली, आणि जायलाच हवी होती. १९५८ला कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली, १९६२ला पाटीलकीचं वतन गेलं आणि १९६७च्या कायद्याने पोलीस पाटील हा वंशपरंपरेचा न राहता नेमलेला माणूस झाला. जातीची गुलामी सुटली, चांगलं झालं. पण जागल्याचं काम पगारी माणसाकडे द्यायचं मात्र राहून गेलं. रात्री गल्लीत फिरणारा, कोण नवीन आलं हे ओळखणारा, ज्याला चोरीबद्दल जाब विचारता येईल असा माणूस आपण कुठल्याच कायद्यात पुन्हा तयार केला नाही. बीट हवालदार कागदावर आहे. तो यात्रेच्या, उरुसाच्या, सभेच्या, मंत्र्यांच्या बंदोबस्तात असतो. त्याचा दोष नाही हो. बारा-बारा तास उभं राहून घरी येणारा शिपाई आमच्याही नात्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंग खटल्यात २००६ साली स्पष्ट सांगितलं होतं, तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था बघणारे पोलीस वेगळे करा. आपल्या तालुक्यात आज सकाळी जो मिरवणुकीला होता, तोच संध्याकाळी घरफोडीच्या पंचनाम्याला आला होता. डोळे तांबारलेले.

आणखी एक जुना रोग आहे, आकड्यांचा. गुन्हे कमी नोंदले की अधिकारी चांगला. १९७७ला नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने हे लिहून ठेवलंय की आकडे कमी दिसावेत म्हणून गुन्हे नोंदवायचं टाळलं जातं. त्याला पन्नास वर्षं होत आली. म्हणून तर आपल्याकडे मोबाईल चोरीला जात नाही, तो 'गहाळ' होतो. माझा स्वतःचा बाजारात खिशातून काढला, तर मला छापील अर्ज दिला गहाळचा. मी म्हटलं, साहेब, मी हरवला नाही, त्याने काढला. ते म्हणाले, भाऊ, तुम्हाला सिमकार्डच पाहिजे ना, याच्यावर मिळतं. मिळालं. मी सही करून आलो. मीही केलं ते, कबूल करतो. अशा हजारो सह्यांनी जिल्ह्याचा आलेख खाली येतो आणि मग पत्रकार परिषदेत आम्हीच तो आलेख छापतो.

आता रविवारच्या रात्रीचं.

गस्तीच्या पोरांनी रात्री पावणेएकच्या सुमाराला मार्केट यार्डाच्या मागे एक टेम्पो अडवला. आत दोन बायका, तीन लेकरं, दोन पुरुष, सामानाचं बोचकं. पोटासाठी फिरणारी माणसं, दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी आलेली. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'टोळी सापडली'. दहा मिनिटांत दीडशे लोक. आधार कार्ड दाखवलं तर म्हणे खोटं असेल. एकाला दोन काठ्या बसल्याच. त्या बाजारात दर आठवड्याला येणारा एक भांडीवाला योगायोगाने तिथे होता, तो मोठ्याने ओरडला की मी ओळखतो यांना, म्हणून निभावलं. पोलीस आले पस्तीस मिनिटांनी.

मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच नाव होतं, राईनपाडा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८. तोही बाजाराचाच दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर आधीच फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारलं. दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२०ला, पालघरमध्ये गडचिंचल्याला टाळेबंदीत रात्री पहारा देणाऱ्या गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. तिथेही अफवा चोरांचीच. तिथेही लोक 'गाव राखत' होते. आणि तिथे पोलीस हजर असताना.

संशय कुणावर जातो, हेही काही आभाळातून पडलेलं नाही. १८७१ला इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११पासून तो मुंबई इलाख्यात लागला. जन्माला आलं मूल की ते गुन्हेगार. रोज हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा रद्द झाला. रामोशी, ज्याने पिढ्यान्‌पिढ्या गावं राखली, तो समाज आज राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. राखणदाराचा चोर करून दाखवला इंग्रजांनी आणि आपण अजून रात्री एक वाजता टेम्पो अडवून तीच हजेरी घेतो. परवा पारावर एक जण मला म्हणाला, 'दादा, चोर दिसतातच ना चेहऱ्यावरून.' काकूंचं मंगळसूत्र नेणारे दोघे जीन्स-टीशर्टवाले होते, चांगल्या घरचे वाटत होते, असं काकूच सांगतात.

मग करायचं काय, गस्त बंद? नाही. घरं फुटतायत आणि लोकांना झोप नाही, हे मी घरात बसून नाकारणार नाही. आपल्या राज्यात याच्यापेक्षा फार अवघड ठिकाणी एक प्रयोग झालेला आहे, तो आठवून बघा. भिवंडी. १९८४ला तिथे भयानक दंगल झाली होती. १९८८ला सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या केल्या. नेहमीच्या शांतता कमिटीत पुढारी, व्यापारी, डॉक्टर खुर्च्यांवर बसतात, चहा पितात आणि जातात, तशा नाही. त्यात यंत्रमाग कामगार, रिक्षावाले, दुकानदार, दोन्ही धर्मांचे. आणि कमिटीशी बांधून ठेवलेला पोलीस. लोकांच्या छोट्या छोट्या तक्रारी, नळाचं भांडण, वरातीचा वाद, तिथेच बसून ऐकायच्या. १९९२-९३ला शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या शिपायांची संख्या काही वाढवलेली नव्हती. त्यांचा वेळ कुठे जातो, ते बदललं होतं.

आपल्या कायद्यातही जागा आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्यात ग्राम रक्षक दलाची तरतूद आहे, कलम ६३-ब. त्यात माणसं पोलीस अधीक्षकांकडून नेमली जातात, म्हणजे कोण फिरतंय त्याची नावानिशी नोंद असते आणि काही झालं तर जबाबदारी ठरते. ग्रुपवर 'या रे सगळे' म्हणून निघालेली काठ्यांची फौज म्हणजे ग्राम रक्षक दल नव्हे. रविवारी ज्याने दोन काठ्या मारल्या, त्याचं नाव आज कुणीच सांगत नाही.

हद्दीचं म्हणाल, तर काकूंना दोन ठाण्यांनी फिरवलं ते बेकायदेशीरच होतं. १ जुलै २०२४पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३मध्ये साफ लिहिलंय, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. ऑनलाइन दिली तरी घ्यायची, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्याने नाकारलं तर अधीक्षकांना लेखी पाठवायचं, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. फिर्यादीला पहिल्या खबरीची प्रत फुकट. आणि कलम १९३प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं. हे वाचायला सोपं आहे, रात्री साडेअकराला फुटक्या गुडघ्याने सांगायला अवघड आहे, मान्य. म्हणून एकटं जाऊ नका. मला फोन करा, मी येतो. नसेन तर वकिलीचा अभ्यास करणारी आपली दोन पोरं आहेत, ती येतील.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मारुतीच्या देवळासमोर बैठक आहे. दोन्ही ठाण्यांच्या साहेबांना लेखी निमंत्रण दिलंय, पोच घेतली आहे. गस्तीला जाणाऱ्या प्रत्येकाने नाव, पत्ता आणि सही घेऊन यावं. यादी करून अधीक्षकांकडे पाठवायची आहे. ज्याला यादीत नाव नको, त्याने रात्री काठी घेऊन फिरू नये. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी 'गहाळ'वर सही केली आणि मोबाईल खरं तर चोरीला गेला होता, त्यांनीही तो अर्ज शोधून आणावा. माझा मी आणतोय.

आणि त्या टेम्पोतल्या माणसांना शोधायला मी काल बाजारात गेलो होतो. ती आली नव्हती. भांडीवाला म्हणाला, आता या गावाला येणार नाहीत ते.

काकूंचा गुन्हा शुक्रवारी दाखल झाला. त्याच्या नव्वदाव्या दिवसाची तारीख त्यांच्या नातवाने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे. त्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात जाणार आहोत. काय झालं ते इथेच लिहीन.